फाडलेल्या पुस्तकाचं पाचवं प्रकरण

जे प्रकरण मी वाचलंच नव्हतं, ते एका शनिवारी खोडाळ्यात चहाच्या हॉटेलच्या मागच्या पडवीत बसून मी चार शिक्षकांना सविस्तर सांगितलं. लेखक काय म्हणतो, कशावर भर देतो, उदाहरण कोणतं देतो, सगळं. हे मी आजवर कोणाला बोललेलो नाही. घरी नाही, संघटनेच्या मित्रांत नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं, त्यांनाही आपणहून नाही. मुळात मी कमी बोलतो. लोक त्याला गांभीर्य समजतात, आणि मी त्यांना तसं समजू देतो.

त्या पडवीत आम्हाला जमवणाऱ्या माणसाला आम्ही शिक्षक आपसांत दाभण सर म्हणायचो. गोणी शिवायचं दाभण त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खोचलेलं असे. कारण असं, की पुस्तक हातात आलं की हे गृहस्थ फूटपट्टी आणि ब्लेड घेऊन त्याचे प्रकरणाप्रकरणाने तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला जुन्या कॅलेंडरची पाठ लावायची, दाभणाने सुतळीचे दोन टाके घालायचे आणि एकेक तुकडा एकेकाच्या हातात द्यायचा. पुढच्या बैठकीत ज्याने त्याने आपला तुकडा तोंडी सांगायचा, मग तुकड्यांची अदलाबदल. नाशिकच्या रद्दीवाल्याकडून आणलेली किती चांगली पुस्तकं त्या ब्लेडखाली गेली असतील ते सांगता येणार नाही. खोडाळ्याच्या शाळेवरच्या बाई एकदा कळवळून म्हणाल्या, "सर, फाडता कशाला, आम्ही आळीपाळीने पूर्ण वाचू की."

"नाही वाचणार," दाभण सर म्हणाले. "शिक्षकाला पूर्ण पुस्तक दिलं की तो ते कपाटात ठेवतो. तुकडा दिला की बाकीचं कुठंय म्हणून विचारत येतो."

हे तुकडे ते धुतलेल्या युरियाच्या गोणीत घेऊन फिरायचे. समासात त्यांचे पेन्सिलचे बारीक शेरे असत. 'खोटं.' 'करून बघ.' 'हा माणूस पहिलीच्या वर्गावर कधी उभा राहिलेला नाही.' आम्ही मजकुराआधी हे शेरे वाचायचो, आणि आमच्यातले काही जण फक्त शेरेच वाचायचे.

बैठकीचे नियम थोडे होते, पण विचित्र होते. कागद आणायचा नाही. पुस्तकाला 'छान' म्हणायचं नाही. म्हणेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. नवे शिक्षणसेवक लागले की पहिल्या बैठकीत ते हमखास 'खूपच छान विचार मांडलेत सर' असं म्हणून मोरीकडे रवाना होत. आणि कोणीही काहीही सांगून संपवलं, की दाभण सर कोऱ्या चहाचा घोट घेऊन एकच प्रश्न विचारायचे.

"बरं. मग सोमवारी काय?"

म्हणजे हे जे काही तुम्ही वाचलं, त्याने सोमवारी सकाळी तुमच्या वर्गात नेमकं काय वेगळं होणार ते सांगा. या प्रश्नाला आम्ही इतके घाबरायचो, की जळगावचे सर, जे आमच्यातले विनोदी, ते म्हणत, "सर, तुमच्या नादाने मला रविवारीच ताप येतो."

"येऊ दे. सोमवारी आला तर सांगा, मी तुमचा वर्ग बघतो."

आता हे सारं वेडेपणाचं वाटेल, पण बाहेर जे चालू होतं त्याच्याशी ताडून बघायला हवं. शिक्षकांनी वाचावं असा आदेश मधूनमधून वरूनही येतो. दर महिन्याला एक पुस्तक, त्यावर आपला अभिप्राय, ग्रुपवर टाकायचा, सोबत पुस्तक हातात धरलेला फोटो. आमच्या केंद्रात तेव्हा एकच अभिप्राय फिरायचा. 'सदर पुस्तक वाचून मला नवी दृष्टी मिळाली व माझ्या अध्यापनात आमूलाग्र बदल झाला.' नाव तेवढं बदलायचं. एकदा एकाने नाव बदलायचं विसरून दुसऱ्याच्या नावाने पाठवला, तर त्या दुसऱ्याने खाली 'धन्यवाद सर' लिहिलं. दाभण सरांना ग्रुपमध्ये घेतलेलं होतं. त्यांचा अभिप्राय मात्र त्यांनी एकदाच टाकला. 'अर्धं पटलं नाही. उरलेलं करून बघतो आहे. अजून जमत नाही.' त्यावर कोणी अंगठ्याचं चिन्हसुद्धा टाकलं नाही.

ते सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावर द्विशिक्षकी शाळेत होते आणि शाळेच्याच एका खोलीत राहायचे. आम्ही बाकीचे घाटावरचे, जव्हारला खोल्या करून राहणारे आणि रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन करणारे. ते मूळचे कुठले हे शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर नेमणूक असेल त्या पाड्याचं नाव सांगायचे. उन्हाळ्यात पाड्यावरची विहीर आटली की बायका डोंगर उतरून पाणी आणायच्या, तेव्हा हे स्वतःची कळशी स्वतः आणायचे आणि वाटेत बायकांना विचारायचे, "पोरगं घरी शाळेचं काय बोलतं?" बायका लाजून पुढे निघून जायच्या. "जे पोर घरी शाळेचं काहीच बोलत नाही," ते आम्हाला म्हणायचे, "त्याला शाळेत काही झालेलं नसतं."

त्यांच्याकडे गाडी नव्हती. माझ्या मागे बसून ते पुष्कळदा जव्हारपर्यंत येत, आणि वाटभर माझ्या हेल्मेटशी तोंड नेऊन प्रश्न विचारत. "आज काय फसलं?" काही नाही सर, नेहमीसारखंच, असं म्हटलं की म्हणत, "नेहमीसारखंच फसलं, की नेहमीसारखंच शिकवलं?" घाटाच्या वळणावर असे प्रश्न विचारू नयेत असं माझं तेव्हाही मत होतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाबतीत सगळ्यांना ठाऊक होती. पहिलीचा वर्ग त्यांनी कधी सोडला नाही. पदोन्नतीची वेळ आली तेव्हा त्यांनी नकार लिहून दिला. बदलीचे वारे सुटले की इतर सगळे जव्हारच्या जवळची शाळा मागायचे आणि हे पाड्यावरची पहिली मागायचे, त्यामुळे कोणाची स्पर्धाच नसायची. त्यांना दुसरं काही नको होतं आणि त्यांच्याकडून दुसरं काही काढून घेण्यासारखंही नव्हतं. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवतो आहे.

त्या वर्षी जे पुस्तक फाडलं गेलं त्याला मुखपृष्ठ नव्हतं आणि पहिलं पानही नव्हतं. कोण्या परदेशी शिक्षकाने लिहिलेलं, जुनं भाषांतर. सात प्रकरणं. पाचवं माझ्या वाट्याला आलं. ते मी गाडीच्या डिकीत ओल्या रेनकोटखाली ठेवलं आणि विसरलो. वेळ नव्हता असं म्हणता येईल, पण वेळ होता. त्या महिन्यात मी मोबाईलवर नाशिककडच्या प्लॉटच्या जाहिराती बघत होतो आणि क्रिकेट बघत होतो. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर खोडाळ्यात हॉटेलासमोर गाडी लावली, डिकी उघडली, तर पाचव्या प्रकरणाचा लगदा झालेला होता. सुतळीचे दोन टाके तेवढे शाबूत होते.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? कप विसळावे लागले असते. तेवढंच. पण बाई नुकतंच त्यांचं चौथं प्रकरण फार नेमकं सांगून मोकळ्या झाल्या होत्या, जळगावच्या सरांनीसुद्धा या वेळी वाचलं होतं, आणि मी त्यांच्यात जुना. माझी पाळी आली आणि मी बोलू लागलो.

कशावर बोलावं हे सुचेना, तेव्हा जे गेले काही दिवस डोक्यात होतं तेच तोंडातून आलं. माझ्या वर्गात पहिलीला एक मुलगी होती. वीटभट्टीवरून पावसाळ्यासाठी घरच्यांबरोबर परत आलेली. दाराशी बसायची आणि शाळेत आल्यापासून एक शब्द बोललेली नव्हती. मी तिला माझ्या मराठीतून विचारायचो, ती बाहेर पावसाकडे बघायची. तर मी सांगितलं, "लेखकाने एका मुलीचं उदाहरण दिलंय. दाराशी बसते, बोलत नाही. लेखक म्हणतो, अशा वेळी शिक्षकाने स्वतःचं बोलणं बंद करावं. पहिलीच्या सुरुवातीचे काही दिवस वर्गात मुलांनी बोलायचं, त्यांच्या घरच्या बोलीत. शिक्षकाने खाली बसायचं आणि त्यांच्याकडून शब्द शिकायचे. त्याचं चुकेल, मुलं हसतील. हसू दे. ज्याला कोणीतरी चुकताना दिसतं, तो स्वतः तोंड उघडतो."

 पत्र्यावर पाऊस वाजत होता. दाभण सर माझ्याकडे बघत होते.

"असं लिहिलंय?"

"असंच लिहिलंय."

"किती दिवस बोलायचं नाही?"

हे मी ठरवलेलं नव्हतं. "मुलं हसायची थांबेपर्यंत," मी म्हणालो.

"हेही लिहिलंय?"

"हो."

त्यांनी कप खाली ठेवला. "बरं. मग सोमवारी काय?"

"मी सोमवारपासून सुरू करतो," मी म्हणालो. आणि जाताना तो तुकडा परत द्यायचा असतो म्हणून म्हणालो, "पुन्हा एकदा वाचून देतो सर." त्यांनी मान हलवली.

सोमवारी मी नेहमीसारखंच शिकवलं. दाभण सरांनी सुरू केलं.

पुढचं मला बाईंकडून आणि जळगावच्या सरांकडून तुकड्यातुकड्याने कळलं. पहिले दोन दिवस मुलांना वाटलं गुरुजी रागावलेत. मग वाटलं गुरुजींचा घसा बसलाय. मग एका पोराने खेकडा आणला आणि तो त्यांच्या पुढ्यात सोडून त्याचं नाव सांगितलं. त्यांनी ते म्हणून बघितलं. सगळा वर्ग लोळला. त्याच खोलीत बसणारी दुसरीतली एक मुलगी उठून त्यांच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "असां नाय गुरुजी. तोंड उघडा. परत बोला." तिने त्यांच्याकडून तो शब्द घोटून घेतला, आणि जमला तेव्हा म्हणाली, "हां. आता बस खाली." ते बसलेलेच होते.

पाड्यात चर्चा झाली. आवणीचे, भातलावणीचे दिवस, माणसं घरी होती. भिवंडीला गोदामात काम करणारा एक बाप शाळेच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. चार लोकांसमोर तो हिंदीत बोलायचा, गुरुजींसमोर तर नक्कीच. "गुरुजी, तुमको पगार बोलने का मिलता ना?"

दाभण सरांनी मान हलवली.

"फिर बोलो ना. आमची पोरं आमचं बोलणं घरी शिकून आलीत. ती काय तुमाला शिकवायला पाठवलीत का? तिकडे गोदामात आमची बोली कोन इचारत नाय. तुमची शिकवा."

हे बोलणं खोटं नव्हतं. दाभण सरांनी त्याच्यापुरता नियम मोडला, त्याला आत बसवलं आणि दुपारपर्यंत ठेवून घेतलं. तो गेला तेव्हा रागातच होता म्हणतात, पण दुसऱ्या दिवशी पोराला पाठवलं. दाभण सर शनिवारी आम्हाला म्हणाले, "तो बाप लेखकाला भेटायला हवा होता. यावर लेखकाकडे उत्तर नाही." असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाकावर सांडलेल्या चहात बोटाने गोल काढत होतो. "तुमच्याकडे कसं चाललंय?" त्यांनी विचारलं.

"चाललंय हळूहळू," मी म्हणालो.

श्रावणात विस्तार अधिकारी आले. अचानक भेट. जीप चिखलात अडकली म्हणून शेवटचा चढ छत्री घेऊन पायी चढलेले, पँट गुडघ्यापर्यंत भरलेली, अशा मनःस्थितीत. वर्गात फळा कोरा. गुरुजी पोरांत मांडी घालून बसलेले आणि समोर दुसरीतली ती मुलगी छडी घेऊन उभी. साहेबांनी विचारलं, "काय चाललंय हे?" दाभण सरांनी ओठांवर बोट ठेवलं, कारण मुलीचं वाक्य पुरं व्हायचं होतं. साहेब तेवढा वेळ दारात ठिबकत उभे राहिले. माझ्या मते खुलाशाची नोटीस तिथेच तयार झाली, बाकीचं नंतर फक्त टाइप झालं.

"कोणी सांगितलं तुम्हाला असं शिकवायला?"

"आमचं वाचनमंडळ आहे साहेब. एक पुस्तक चालू आहे. त्याचं पाचवं प्रकरण."

"लेखक कोण?"

"मुखपृष्ठ नव्हतं साहेब."

"दाखवा पुस्तक."

दाभण सरांनी युरियाची गोणी उलटी केली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, सहावं, सातवं. साहेबांनी फाडलेल्या पुस्तकाकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे. "पाचवं?"

त्यांनी माझं नाव सांगितलं.

पुढच्या आठवड्यात खोडाळ्याला केंद्राची शिक्षण परिषद होती. दर महिन्याला सगळे शिक्षक जमतात, आदेश वाचून दाखवले जातात, एखादा पाठ होतो, जेवण होतं. त्या दिवशी विस्तार अधिकारी स्वतः बसले होते. त्यांनी आदेश संपवले आणि मला उभं केलं. दाभण सर मागच्या सतरंजीवर होते. त्यांचा वर्ग राहणार की जाणार एवढाच प्रश्न होता, आणि ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

"सर, ते प्रकरण तुमच्याकडे आहे म्हणतात. त्यात असं लिहिलंय का, की शिक्षकाने बोलायचं नाही?"

मी म्हणालो, "मी ते परत दिलं होतं साहेब."

"लिहिलंय का ते सांगा."

"नेमकं असंच नसावं. मला आता आठवत नाही."

मी बसलो. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. बाई त्यांच्या पदराशी खेळत होत्या. मागून दाभण सरांचा आवाज आला, अगदी साधा, जणू हजेरी देतायत. "दिलं असेल साहेब. गोणीतून पडलं असेल कुठं. माझी चूक."

त्यांना कामगिरीवर कार्यालयात पाठवलं. शाळेतच नाव, पण काम टेबलावर. आयुष्यभर ज्यांनी फॉर्म चुकीचे भरले, त्यांच्याकडे इतरांचे फॉर्म तपासायला आले. मी एकदा कामासाठी गेलो, तर ते एका खुर्चीत बसून आमच्याच केंद्राच्या वाचन-अभिप्रायांची छापील पानं क्रमाने लावत होते. प्रत्येकाच्या अध्यापनात आमूलाग्र बदल झालेला होता. समासात पेन्सिलने काही लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, "सर, चहा?" ते म्हणाले, "दूध घालतात इथं." एवढंच बोलणं झालं. पहिलीचा वर्ग त्यांना परत मिळाला नाही. तिथूनच ते निवृत्त झाले. निरोप समारंभात मी त्यांच्याविषयी चार शब्द बोललो. चांगले बोललो, असं सगळे म्हणाले.

आमच्या शनिवारच्या बैठका बंद पडल्या. कोणी बंद केल्या नाहीत. सुतळी ओवणारंच कोणी नव्हतं.

माझी मात्र प्रगती झाली. गंभीर, कमी बोलणारा, परिषदेत साहेबांना उलटून न बोलणारा, म्हणून प्रशिक्षणांत शिकवणारा सुलभक म्हणून माझं नाव जाऊ लागलं. गेल्या वर्षी जव्हारला शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. विषय, शिक्षकाचं वाचन आणि चिंतन. मी घेणार. वरून पुस्तिका आली होती, रंगीत. रात्री उघडली तर दुसऱ्याच घटकात लिहिलेलं: पहिलीच्या सुरुवातीला मुलांच्या घरच्या भाषेला वर्गात जागा द्यावी, शिक्षकाने ऐकावं, शब्द शिकावेत. मी पान मिटलं आणि दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी मी ते पडद्यावर दाखवून समजावून सांगितलं. खालचे माना हलवत होते. मागच्या रांगेतून खोडाळ्याच्या बाईंनी हात वर केला. आता त्यांचेही केस पिकायला लागलेत.

"सर, हे तर पाचव्या प्रकरणात होतं ना?"

त्यांचा चेहरा सरळ होता. मी त्यात पुष्कळ शोधलं, काही सापडलं नाही. नव्या शिक्षकांनी मागे वळून बघितलं. मी म्हणालो, "हो, तसंच काहीसं." आणि पुढची स्लाइड लावली. जेवणाच्या सुट्टीत बाई माझ्या शेजारून जाताना म्हणाल्या, "मी अजून करते हो ते. तुम्ही सांगितल्यापासून." मला वाटतं त्या खरंच बोलत होत्या.

त्याच संध्याकाळी जव्हारच्या एसटी डेपोत दाभण सर दिसले. बाकावर, मांडीवर तीच गोणी. निवृत्तीनंतर ते जव्हारलाच एका दुकानावरच्या खोलीत राहतात हे मला माहीत होतं, आणि म्हणून मी त्या रस्त्याने जात नसे. आता समोरच आलो तेव्हा बसलो.

"कुठून?"

"प्रशिक्षण होतं सर. वाचन आणि चिंतन."

"अरे वा. कोण घेतं?"

"मीच."

"हां." त्यांनी बराच वेळ पाय हलवला. "काय सांगता त्यांना?"

मी पुस्तिकेतलं सांगितलं. सांगताना माझा आवाज पडद्यासमोर असतो तसा लागेना. ते ऐकत होते, पडवीत ऐकायचे तसेच.

"म्हणजे पुस्तकात आलं शेवटी," ते म्हणाले. "आपल्या त्या पुस्तकात नव्हतं. पाचव्यात फळा कुठं टांगावा आणि खिडक्या किती असाव्यात ते होतं. तुमचं त्यापेक्षा बरं होतं."

समोर मोखाड्याची गाडी लागली, कंडक्टर ओरडत होता. मला काही ऐकू येत नव्हतं. पेन्सिलचे शेरे. प्रत्येक तुकड्यावर, आम्हाला मिळायच्या आधीच असायचे. वाचल्याशिवाय शेरे कसे असतील? इतकी वर्षं ते शेरे मी मजेने वाचले आणि त्याचा अर्थ मला कळला नाही, मी जो शिक्षकांना वाचायला शिकवतो. लगद्यावरही ते असणार. माझी पाळी होती त्या शनिवारी त्यांनी ते प्रकरण आधीच वाचलेलं होतं.

"सर, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"विचारलं होतं की. असं लिहिलंय का म्हणून. दोनदा विचारलं." ते सहज बोलत होते. "तुम्ही हो म्हणालात. म्हटलं, माणूस स्वतःचं म्हणून सांगायला लाजतोय. असू दे. लेखकाच्या नावाने का होईना."

"आणि परिषदेत? साहेबांसमोर?"

"तिथं बोलून काय झालं असतं? तुमचाही वर्ग काढला असता. तुमच्याकडे चालू होतं ना ते? दोन ठिकाणी बंद पडण्यापेक्षा एका ठिकाणी चालू राहिलेलं बरं." त्यांनी गोणी खांद्यावर घेतली, त्यांची गाडी येत होती. मग थांबले. "ती मुलगी बोलली का हो पुढे? दाराशी बसायची ती. लेखकाची म्हणून सांगितलीत ती."

मी म्हणालो, "बोलली सर."

"अरे वा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी आधी पाहिला नव्हता. "छान."

मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसले. "कप विसळायला पाहिजेत आता मला." गाडीत चढले, खिडकीतून हात केला, आणि गेले.

ती बोलली नाही. दिवाळीनंतर आईबापाबरोबर भट्टीवर गेली, पुढच्या पावसाळ्यात आली, पुन्हा दाराशी बसली, आणि तिसरीनंतर आलीच नाही. मी तिच्या घरच्या बोलीतला एकही शब्द शिकलो नाही. हे मला त्यांना सांगायचं आहे. परिषदेत विस्तार अधिकाऱ्यांसमोर जे बोलायला हवं होतं, की प्रकरण मी हरवलं आणि ती कल्पना माझी होती, तेही बोलायचं आहे, ऐकणारं आता कोणी तिथे नसलं तरी. आणि त्यांचा एक सोमवार माझ्याकडे बाकी आहे. तो मी दिलेला नाही.